यादीतले पाचवे नाव

मांडवा, ता. १२ डिसेंबर १९२८

चि. सौ. नीराबाईस अनंताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. मंडळाच्या कामात होतो असे सांगणार होतो. पण खरे म्हणजे कळवण्यासारखे काही चांगले घडेल, याची वाट पाहत होतो.

मुंबईची नोकरी सोडताना मी म्हटले होते, कारभार, धंदा आणि विद्या ही तिन्ही कामे बरोबरीने हाती घेतल्याशिवाय गावात न्याय यायचा नाही. म्हणून मंडळ काढले. लोकल बोर्डात आपला माणूस, जाळ्याच्या सुताचे आणि तांदळाचे सामाईक दुकान, मोठ्यांसाठी लिहिण्यावाचण्याचा वर्ग. आपली आळी आणि कोळीवाडा प्रथमच एका सतरंजीवर बसले. धर्माजी कोळी तर अकरा घरे घेऊन आला.

मागल्या सोमवारी पंचांची यादी सुंदर अक्षरात लिहून शाळेच्या दाराला लावली. धर्माजी माझ्याच वर्गात अक्षरे शिकला. त्याने बोट फिरवत सगळी यादी वाचली आणि विचारले, "मास्तर, शाई सरली व्हय?" मी सांगितले, दौत भरलेली आहे. तो बरं म्हणून गेला. तेव्हापासून कोळीवाड्यातले कोणी फिरकत नाही. दुकानाच्या अर्जावर त्यांच्या सह्या लागतील आणि मुदत महिनाअखेरची; नाहीतर सारेच बुडाले. आपल्या आळीतले रावजीपंत म्हणाले, या लोकांना चिकाटी नाही. मला पटले नाही, पण मी गप्प बसलो.

यादीची नक्कल सोबत आहे. तुला काही सुचते का? रागावून का होईना, लगेच लिही.

तुझा अनंतदादा


गिरगाव, ता. १५ डिसेंबर

ती. अनंतदादांस नीराचा शि. सा. न. वि. वि.

यादी वाचून आधी हसू आले, मग बरे वाटेना. पहिली चार नावे आपल्या आळीची, चौघांच्या आधी मानाचे रा. रा. आहे. पाचवा नुसता धर्माजी कोळी, सहावा नुसता भागोजी कोळी. शाईचे तो त्याबद्दल विचारत होता, आणि तुम्ही त्याला दौतीचा हिशेब दिलात! वडिलांनी तुमच्या बी. ए.ला किती पेढे वाटले होते, आठवते ना?

मी फार शहाणी म्हणून हे दिसले, असे नाही. आमच्याकडे लग्नपत्रिका येतात, त्यांवर नाव यांचे असते आणि मी 'सहकुटुंब'मध्ये असते. त्यामुळे कोणाला कसे लिहिले आहे, हे आधी पाहायची सवय लागली आहे.

त्याला समजावायला मात्र जाऊ नका. तुम्ही समजावू लागलात की समोरच्याचे पाय दुखतात.

वहिनींना नमस्कार. जास्त बोलले असेन तर धाकटी म्हणून पोटात घाला.

तुमची नीरा


मांडवा, ता. १९ डिसेंबर

चि. सौ. नीराबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा उघडवले नाही.

मी मुद्दाम केले नव्हते, हेच जास्त लाजिरवाणे आहे. हात आपोआप चालला. पहिल्यांदा वाटले, त्याच यादीत बारीक अक्षरांत रा. रा. घुसवावे. मग वाटले, सगळ्यांचेच काढून टाकावे, म्हणजे समता झाली. रावजीपंतही लगेच कबूल झाले, आणि त्यामुळेच मला शंका आली. आमच्या पिढ्या ते मिरवत आल्या; धर्माजींची पाळी आली तेव्हाच ते निरुपयोगी ठरावे? तेव्हा रावजीपंतांना मी नाही म्हणालो. पंधरवड्यापूर्वीच म्हणायला हवे होते.

आज नवा कागद घेतला. चार नावे झाली. पाचव्या ओळीवर रा. रा. धर्माजी एवढे लिहिले आणि लेखणी थांबली. बाकी चौघांची नावे बापाच्या नावासकट, पूर्ण आहेत. सात वर्षे धर्माजींच्या घरची मासळी आपल्या घरी येते, दोन वर्षे ते माझ्यापुढे पाटी घेऊन बसले. पण पुढे काय लिहायचे ते मला माहीत नाही. ही म्हणाली, भागोजीला विचारा, तो सांगेल. पण परस्पर विचारणे म्हणजे पुन्हा तेच.

कदाचित ते सही करणार नाहीत. मग दुकान होणार नाही, आणि दोष माझा असेल. तुझी माया मात्र आहे तेवढी राहू दे.

तुझा अनंतदादा

उद्याचे काम: कोळीवाड्यावर जाऊन धर्माजींना त्यांच्या वडिलांचे नाव विचारणे.