बासष्ट टक्के पृथ्वी

सोमवार, ५ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलं की टोंगाच्या या बेटावर विज्ञानाच्या शिक्षणात क्रांती कशी झाली, तर लेखी पुरावा हवा.

हेडबाई फुइवांनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, केलेपी, राजधानीतली, नुकुआलोफातली एक कंपनी विज्ञानाचे रेकॉर्ड केलेले धडे विकते. पडद्यावर लावायचे की झालं. पुढच्या सत्रापासून फॉर्म टूचं, बारा-तेरा वर्षांच्या वर्गाचं, विज्ञान त्यावरच घ्यावं म्हणते. मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाल्या, तू शाळेचा मळा बघ, तारोच्या कंदांना माणूस कमी पडतोय.

सतरा वर्षं विज्ञान शिकवतोय. आणि आता तारो.

शांत राहिलो. घरी बायकोला सांगताना मात्र राहिलो नाही. लूपे म्हणाली, मळ्यात निदान काहीतरी उगवेल.

संकल्प: ऑनलाइन शिक्षणात राजधानीच्या चार पावलं पुढे जायचं. उद्यापासून.

गुरुवार, ८ ऑगस्ट

काल-परवा जमलं नाही. वारा होता.

आज चर्चच्या मागच्या भिंतीशी गेलो. गावात नेट तिथेच येतं. उजवा खांदा भिंतीला लावून उभं राहावं लागतं. शेजारी पाद्री मोलेनींची डुकरं. तासाभरात हवी ती गोष्ट सापडली. होनोलुलूच्या एका विज्ञानकेंद्राची वेबसाइट. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी धडे, व्हिडिओ, प्रयोग, सगळं फुकट. आणि पॅसिफिकमधल्या शाळांसाठी स्पर्धा. पंधरा मिनिटं थेट नेटवरून प्रयोग दाखवायचा. जिंकणाऱ्या शाळेला पंचवीस टॅबलेट, सगळे धडे आधीच भरलेले. म्हणजे नेटच नको.

हेडबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, टॅबलेट आणलेस तर वर्ग तुझा. नाही आणलेस तर कुदळ तुझी. बाईंचं तोंडी म्हणजे लेखीच.

मंगळवार, १३ ऑगस्ट

विषय ठरला: दिवस आणि रात्र. वेबसाइटवर त्याचे पाच व्हिडिओ. भिंतीशी तीन दिवस उभं राहून चार पूर्ण उतरवले. पाचवा, तारीखरेषेचा, बासष्ट टक्क्यांवर अडकला. त्यातली शिक्षिका समुद्रात वरून खाली एक रेघ ओढते, बोट वर करते, म्हणते, आणि म्हणूनच... तिथेच तोंड उघडं टाकून थांबते. पाच वेळा प्रयत्न केला. पाचही वेळा बाईंचं तोंड उघडंच.

वर्गात सांगितलं, उरलेला भाग असाच आहे. शिक्षकाने अडायचं नसतं.

सोमवार, १९ ऑगस्ट

एकोणीस मुलांतून लेसिएली प्रमुख. गप्प मुलगी, पण हात स्थिर. तिने पृथ्वी केली नीरफणसाची. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. चुन्याने देश काढले, शाईने समुद्र. सूर्य म्हणजे माझा टॉर्च. पृथ्वी फिरवली की अर्ध्यावर उजेड, अर्ध्यावर अंधार. मी स्वतः चकित झालो, दाखवलं नाही.

अडचण: नीरफणस चार दिवसांत मऊ पडतो. दर आठवड्याला नवी पृथ्वी लागणार. जुनी सोलून निखाऱ्यावर भाजून मुलांनी खाल्ली. चव चांगली होती.

मंगळवार, २७ ऑगस्ट

निवड झाली. बारा शाळांत आपण. पत्रात वेळ स्वच्छ लिहिली आहे: शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी दहा, होनोलुलूची वेळ.

दुसरा कुणी असता तर इथेच फसला असता. मी प्रयोग केला. होनोलुलूला माझी मामेबहीण असते. शाळेतून फोन लावला, विचारलं, घड्याळात किती वाजले? म्हणाली, अकरा. इथे दहा. फरक एक तास. म्हणजे तिथले दहा ते इथले नऊ. सिद्ध.

बहीण जरा वैतागली होती. म्हणाली, सोमवारच्या गडबडीत कुठे फोन करतोस. मंगळवारी सोमवारची गडबड. परदेशात माणसं कामाने पार पिचून गेलेली असतात.

फळ्यावर लिहिलं: शनिवार, सकाळी नऊ. लेसिएलीने हात वर केला. सर, तिथे तेव्हा वार कोणता असेल? मी म्हणालो, पत्रात लिहिलाय ना, शनिवार. ती म्हणाली, मग इथे? मी म्हणालो, तो पुढचा धडा, आता विषय भरकटवू नकोस. हुशार मुलांचं हेच वाईट, फाटे फोडतात.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सराव. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सव्वीस मिनिटं चालला. त्यात माझं प्रास्ताविक अकरा. मुलांना घाई करायला सांगितलं.

पालकांची कुरकुर. शनिवारी रविवारच्या जेवणाची तयारी असते. सुरण खणायचे, उमूच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यात दगड लावायचे, नारळ खवायचे. ते सोडून मुलं शाळेत का? घरोघर फिरलो. लेसिएलीचा बाप म्हणाला, एक शनिवार देतो, मास्तर, पण पोरीला तोंडघशी पाडू नका. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

सगळं तयार. चर्चच्या भिंतीशी बाकं, वर ताडपत्री. पाद्री मोलेनींनी डुकरं हलवली, म्हणजे बरीच मेहरबानी. नवा नीरफणस, नवी पृथ्वी. फोन भरलेला. बटण दाबायचं राहू नये म्हणून फोनमध्येच सोय करून ठेवली: कार्यक्रमाची वेळ झाली की आपोआप जोडला जाईल, आवाज मोठा. अशा बारीकसारीक गोष्टींत माझा हात कुणी धरणार नाही.

लूपेला म्हणालो, उद्यानंतर तारोचं नाव काढायचं नाही. ती म्हणाली, बरं.

शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी ९.२०

एकोणीस मुलं गणवेशात. हेडबाई खुर्चीवर. पालक सुरण टाकून आलेले. नऊ वाजले तरी फोन आपोआप जोडेना, मीच बटण दाबलं. पडद्यावर लिहून आलं: कार्यक्रम सुरू व्हायला २३ तास ५९ मिनिटं. त्यांचं घड्याळ बिघडलंय. तक्रार पाठवली. भाषा जरा कडक वापरली.

सकाळी ९.५०

आता २३ तास १० मिनिटं. अजून दुरुस्त केलेलं नाही. एवढं मोठं विज्ञानकेंद्र आणि ही तऱ्हा. मुलांना सांगितलं, संयम हा विज्ञानाचा पाया आहे. हेडबाईंनी घड्याळ पाहिलं. लेसिएली पृथ्वी मांडीवर घेऊन बसली आहे.

सकाळी १०.३०

होनोलुलूहून उत्तर आलं. तिथल्या बाई फार गोड लिहितात. आमच्याकडे आज शुक्रवार आहे, तुमची वेळ उद्याची, भेटू या, उत्सुक आहोत.

तीनदा वाचलं. मग लेसिएलीकडे पाहिलं. तिने नीरफणस वर धरला. मागच्या बाजूला, समुद्रात, शाईने एक रेघ ओढलेली होती. कधीची होती कोण जाणे. ती म्हणाली, सर, रेघेच्या पलीकडे ते अजून कालमध्येच आहेत.

त्यांचा शनिवार म्हणजे आपला रविवार. सकाळी नऊ. चर्चची वेळ. आणि रविवारी इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत.

पालक निघून गेले. रागावून नव्हे. सुरण वाट बघत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवार, दुपार

होनोलुलूला लिहिलं, वेळ बदला. बाईंनी लिहिलं, फार वाईट वाटतंय, पण बाकी अकरा शाळांच्या वेळा बांधलेल्या आहेत.

पाद्री मोलेनींकडे गेलो. म्हणालो, पंधरा मिनिटं, मुलांचं विज्ञान, हे काही काम नव्हे. ते म्हणाले, काम नव्हतं तर पाच आठवडे माझ्या भिंतीला खांदा लावून काय करत होतास? मी दुसरा मुद्दा मांडला. होनोलुलूत तेव्हा शनिवारच असतो, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या मुलं शनिवारातच बोलणार. पाद्री म्हणाले, मग शास्त्रीयदृष्ट्या तिकडे जाऊन कर.

हेडबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, केलेपी, मी रविवार हलवू शकत नाही. टॅबलेटविना वर्गही तुझ्याकडे ठेवता येणार नाही.

दोघांपैकी कुणी वाईट बोललं नाही. तोच त्रास आहे. भांडायला कुणीच नाही.

रविवार, १५ सप्टेंबर, दुपार

रविवारी लिहिणं हेसुद्धा कामच. पण लिहिल्याशिवाय जेवण उतरायचं नाही.

नऊच्या प्रार्थनेला मी गाणाऱ्यांत, खर्जाच्या रांगेत. इथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळलेली, वरून दोरी. दोरी लूपेने बांधलेली, म्हणजे घट्ट. फोन सवयीने खिशात राहिलेला, चटईच्या आत. आपोआप जोडण्याची सोय बंद करायची साफ विसरलो.

पाद्री मोलेनींनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. चर्चमध्ये चिडीचूप. आणि माझ्या कमरेतून टिंग वाजलं. मग माझ्या कमरेतून एक बाई म्हणाली, नमस्कार टोंगा, आमचा आवाज येतोय का?

येत होता. शेवटच्या बाकापर्यंत येत होता. पाच आठवड्यांत नेट पहिल्यांदाच न तुटता चालू होतं.

गाठ सुटेना. पोटावर दोन्ही हात दाबले. बाई म्हणाली, चित्र काळं दिसतंय, पण हरकत नाही, तुमच्याकडे माणसं आहेत हे कळतंय. मग तिने प्रश्न विचारला. आमच्याकडे आत्ता शनिवारची सकाळ आहे, तुमच्याकडे काय आहे, आणि त्यामुळे काय होतं, तुमच्यापैकी कुणी सांगेल का?

माझी एकोणीस मुलं पुढच्या दोन बाकांवर, पांढऱ्या कपड्यांत, गुडघ्यांकडे बघत बसलेली. सगळ्यांना उत्तर येत होतं. महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. मी त्यांच्या मानांकडे बघत होतो आणि गाठ ओढत होतो, आणि मला माझी लाज वाटली. भाजीमळ्याची नाही. माझीच.

बाईने पुन्हा विचारलं. कुणी आहे का?

तेव्हा लेसिएली बोलली. मान वर न करता, हळूच. रविवार, म्हणाली. म्हणून आम्हाला बोलता येत नाही.

पाद्री मोलेनी आमेन म्हणाले. गाठ सुटली. फोन बंद केला.

बाहेर पडताना पाद्री म्हणाले, पुढच्या रविवारी फोन घरी, नाहीतर तू घरी. लेसिएलीचा बाप तिला घेऊन जेवायला निघून गेला. उमूतलं जेवण नेहमीसारखं झालं होतं असं लूपे म्हणते.

सोमवार, २३ सप्टेंबर

निकाल लागला. टॅबलेट दुसऱ्या बेटावर. आपल्याला सहभागाचं प्रशस्तिपत्र. खाली होनोलुलूच्या बाईंनी हाताने लिहिलंय की सर्वांत छोटं आणि सर्वांत अचूक उत्तर तुमच्या शाळेचं होतं. मार्गदर्शक म्हणून माझं नाव छापलंय. चौकट करून घ्यावी का, असं लूपेला विचारलं. ती नारळ खवत होती.

विचार करता दोष माझा नाही. व्हिडिओ शंभर टक्के उतरला असता तर हे घडलंच नसतं. चूक बासष्ट टक्क्यांची आहे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

नवं सत्र. सकाळी मळ्यात तारो लावले. दहा वाजता हेडबाईंनी वर्गात बोलावलं, कारण कंपनीच्या धड्यांचा पडदा कुणाला लावता येईना. पडदा लावणं आणि काढणं आता माझ्याकडे. तांत्रिक जबाबदारी आहे, कुणालाही देत नाहीत.

पहिला धडा तारीखरेषा. लावला. समुद्र आला, रेघ आली, आणि तीच शिक्षिका आली. कंपनीनेही धडे होनोलुलूच्या वेबसाइटवरूनच उतरवून घेतलेले. बाई बोट वर करून म्हणाली, आणि म्हणूनच... आणि तोंड उघडं टाकून थांबली. बासष्ट टक्के.

हेडबाई माझ्याकडे बघायला लागल्या. एकोणीस मुलंही. मी सवयीने म्हणणार होतो, उरलेला भाग असाच आहे. तोंड उघडलं. पडद्यावर ती तशी, खाली मी असा.

मग लेसिएली उठली. पिशवीतून नीरफणस काढला, ताजा होता, म्हणजे घरून घेऊनच आली होती. माझा टॉर्च मागितला. मी दिला. मागच्या बाकावर जागा होती, तिथे बसलो, हाताला माती होती म्हणून हात मांडीवर ठेवले.

तिने हळूहळू पृथ्वी फिरवली. रेघ उजेडात आली, मग अंधारात गेली. कुणीतरी कुठेतरी म्हणायला हवं की इथून नवा दिवस, म्हणाली, नाहीतर सगळे एकमेकांची वाट बघत बसतील. मुलांनी लिहून घेतलं. मीही तारोच्या वाफ्यांच्या वहीत लिहून घेतलं.

सतरा वर्षांत मला तारीखरेषा आज समजली.

तास संपल्यावर ती पृथ्वी टेबलावर ठेवून गेली. मी पडदा काढला.