जितके गेले तितके आले

४ नोव्हेंबर
मी लिहिलेला मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर प्रोग्राम अखेर सुरू. बोट निघताना काउंटरवरचे दामूकाका किती खलाशी गेले ते टाकणार, परतली की किती आले ते. मधे माझा असर्ट, म्हणजे न मोडणारी अट: दोन्ही आकडे सारखेच. नसतील तर प्रोग्रामने तिथल्या तिथे थांबायचं. काका म्हणाले, "आमची बी दर्याला तीच अट हाय." स्वारी खूश. मीही.

७ नोव्हें.
बोईसरला ऑफिसात चहा घेत होते, तोच काकांचा फोन. "पोरी, प्रोग्राम बसला. तुझ्या बापाचीच बोट. सात गेलेले, सहा आले."
"कोण राहिला, काका?" मी ओरडलेच. मग मागून बाबांचा आवाज, "यशवंत वाटेत नवापूरला उतरला. सासूला पापलेट द्यायला."
घरी आल्यावर बाबांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. "यात सांगायचं काय? सगल्यांना म्हाईत हाय," म्हणे. आमच्या वाटचं पापलेट मात्र झकास होतं.

८ नोव्हें.
आज एका बोटीत एक माणूस जास्त! बंद पडलेल्या होडीतून घेतलेला. पुन्हा प्रोग्राम ठप्प. नोंद नाही म्हणून पुढच्या बोटीला बर्फाची पावती नाही, काउंटरवर बोंबाबोंब. काका वैतागले, "काढ ती ओळ."

१० नोव्हें.
ऑफिसातल्या सीनियर मॅडमना दाखवलं. हसल्या. "जे घडूच शकत नाही, त्याच्यासाठीच असर्ट. माणसं मधे उतरणार, चढणार. ते विचारून घे आणि पुढे जा."
पटलं. शिकताना मीही हेच पाठ केलं होतं. पण गेलेला माणूस परत येणार नाही, हे घडूच शकत नाही असं धरूनच तर लिहिलं होतं ना मी...

१२ नोव्हें.
असर्ट काढला. आता प्रोग्राम विचारतो, बाकीचे कुठे? उत्तरं तयार: नवापूरला उतरला, घिवलीला उतरला, दुसऱ्या बोटीत गेला. काउंटर भराभर चालला. काकांनी पाठ थोपटली, फार बरं वाटलं.
मग हळूच म्हणाले, "एक उत्तर राह्यलं, पोरी. दर्याचं."
"म्हाईत हाय, काका."
ते पुढच्या बोटीच्या नोंदीकडे वळले. टाकायला हवं, कळतं. बाबा आज पहाटे गेलेत, परवा येतील. ते आले की टाकते.