डब्यांवरचं ‘उद्या’

३ फेब्रुवारी, सोमवार

खाण्याचं तेल पुन्हा महागलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दुजोरा दिला – “ताई, माझ्याकडे बघू नका, मलाही आज सकाळीच कळलं.” लहान बाटली घेतली आणि घरी येऊन जाहीर केलं : या महिन्यात खरेदी आणि स्वयंपाक दोन्ही माझ्या ताब्यात.

तेल हे निमित्त. खरं कारण नवऱ्याचा गुडघा. कारखान्यात सकाळी सातपासून लेथ मशीनवर उभा, मग दुसरी पाळीही हाच करतो. घरी येतो तेव्हा दर दोन पायऱ्यांवर थांबतो, आणि थांबलो नाही असं दाखवतो. दुसरी पाळी निव्वळ किराण्यासाठी. म्हटलं, तीन आठवड्यांच्या किराण्याचे पैसे एका पाकिटात घालते आणि त्यात अख्खा महिना काढून दाखवते, मग दुसरी पाळी सोडशील?

“काढून दाखव. सत्तावीसला फोरमन पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या पाळीची यादी करतो. त्याच्या आत सांग.”

सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. मुदत मला शिकवतोय!

४ फेब्रुवारी

जागा कमी पडली की डेस्कवर बातमी खालून कापतात. किराण्याची यादीही तशीच कापली. वर काय? तांदूळ, मसूर, चवळी, कांदे, बटाटे, अंडी. खाली काय? बाटलीतला सॉस, पाकिटातलं सूप, दोन प्रकारची बिस्किटं आणि ‘असू दे घरात’ म्हणून घेतलेलं काहीबाही. खालचं सगळं उडवलं.

सासूबाईंनी चष्मा लावून यादी वाचली. “बिस्किटं राहिली गं.”

“राहिली नाहीत आई, काढली.”

“मग चहात काय बुडवू? तुझा पेपर?”

बिस्किटं परत घेतली. एकाच प्रकारची.

८ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसातून सुटल्यावर थेट बाजार. भाजीवाली आवरायच्या घाईत होती. एक कोबी मागितला तर म्हणाली, “दोन न्या हो, ओझं परत कोण नेणार!” मऊ पडलेले टोमॅटो जवळजवळ फुकट. घरी येऊन तेच शिजवून आटवले, बरणी भरली – झाला सॉस. अर्धा कोबी कांद्यावर परतला, थोडा मसुरात टाकला, दांड्यांचं सूप. आतला गाभा सासूबाईंनी मीठ लावून कच्चाच फस्त केला.

जमतंय. जमणारच होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

एकाच सकाळी तीन दिवसांच्या दुपारची सोय. चवळी, मसूर, बटाटे. सहा डबे भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. त्याने सकाळी निघताना एक उचलायचा, सासूबाईंनी दुपारी एक गरम करायचा. डेस्कवर दुसऱ्या दिवसासाठी राखलेल्या बातम्यांना लावतो तशा डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या – ‘उद्या’. काय रुबाबदार दिसत होते!

१२ फेब्रुवारी, बुधवार

अंडी संपली. डझनभर होती! खालचा कप्पा उघडला – सहाच्या सहा डबे जागच्या जागी.

“अहो आई, डबे का नाही खाल्ले?”

“कसे खाऊ? वर ‘उद्या’ लिहिलंय. सोमवारी बघितलं, उद्या. मंगळवारी बघितलं, उद्या. आज बघितलं, तरी उद्याच! मी आपली रोज अंडी तळून खाल्ली.”

आणि हा? तीन दिवस कँटीनमध्ये जेवला. “मला वाटलं पाहुणे यायचेत. विचारलं तर तू म्हणशील, तुला खायची घाई.”

चवळीला वास सुटला होता. फेकली. मसूर आणि बटाटे वाचले, उकळून रात्री वाढले.

चूक माझी. डेस्कवर ‘उद्या’ची चिठ्ठी पुढच्या पाळीचा माणूस येऊन काढतो. घरी पुढच्या पाळीला कोण येणार?

१३ फेब्रुवारी

पाकीट फार पातळ दिसतंय. कँटीनने खाल्लं. मुदत तीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा डबे. या वेळी वार आणि माणूस दोन्ही लिहिलं : ‘सोमवार – आई’, ‘सोमवार – लेथ’. मंगळवारच्या ‘लेथ’ डब्यात बटाटे-अंडी होती. मघाशी बघितलं तर ‘लेथ’वर काट मारून थरथरत्या अक्षरात ‘आई’! उपसंपादन चालू झालंय घरात.

१९ फेब्रुवारी

सगळे डबे ज्याच्या त्याच्या पोटात. एक घासही वाया नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरात उरलंय : तांदूळ भरपूर, मसूर दोन वेळचा, सहा अंडी, कांदे, एक कोबी. पाकिटात बसच्या सुट्ट्या पैशांएवढंच. पूर्वी अशा कपाटाकडे बघून म्हणायचे, घरात काही नाही. आता बघितलं आणि शुक्रवारपर्यंतचं जेवण दिसलं. भात-कोबी, भात-मसूर, कांदा घालून अंडी, पुन्हा मसूर पातळ करून.

नवरा पानावर बसून म्हणाला, “मसूर परवाही होता ना?”

“होता. परवा घट्ट होता.”

सासूबाई म्हणाल्या, “खा मुकाट्याने. तुझाच गुडघा शिजतोय त्यात.”

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बूट घालता घालता त्याने विचारलं, “पाकिटात काय उरलं?”

“काही नाही.”

“आणि कपाटात?”

“आजचं आणि शुक्रवारचं.”

नाडी आवळून उठला. जाताना एवढंच म्हणाला, “सांगतो मग फोरमनला.”

सांगितलं! फोरमनने विचारलं, “बायकोला लॉटरी लागली की काय?” हा म्हणाला, “नाही, कोबी लागला.” दुसऱ्या पाळीच्या यादीतून नाव कमी. सोमवारपासून साडेतीनला घरी. आज जिना चढताना उघडउघड थांबला, आणि वर येऊन सांगितलंही – दोनदा थांबलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात फुशारकी मारली, सोमवारपासून नवरा साडेतीनला घरी. संपादकांनी ऐकलं आणि आत बोलावलं. संध्याकाळच्या डेस्कचं प्रमुखपद दोनदा देऊ केलेलं, दोन्ही वेळा मी नाकारलेलं – मी नसले तर सासूबाईंजवळ संध्याकाळी कोणी नसतं म्हणून. “मग बाई, आता काय अडचण?”

अडचण शोधली. सापडली नाही. हो म्हटलं.

सोमवारी सहा वाजता मी पहिल्या पानावर असेन, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावेल. सासूबाईंनी आपली खुर्ची आजच ओट्यापाशी नेऊन ठेवली आहे.