रेघेपलीकडचे बूट

लास व्हेगास,
९ फेब्रुवारी १९५५

ती. नोरीनताईस,
वेल्डाचा सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे आणि माझ्या पायात घरमालकीण टॉलिव्हरबाईंच्या कैलासवासी नवऱ्याचे जोडे आहेत. दोन नंबर मोठे. चालले की बदकासारखा फटक फटक आवाज येतो. हसू नकोस. हार्लनने माझे बूट ट्रकच्या पेटीत कुलूप लावून ठेवले नसते, तर मी घरातल्या सपाता घालून शंभर मैल आले असते का? नवऱ्याने कधी हात उगारला नाही, हे तू मला चार वर्षं ऐकवतेस. खरंय. मी नुसती दाराकडे बघितलं तरी बूट कुलपात, एवढंच.

तर वकील म्हणतो, काडीमोड हवा असेल तर सलग बेचाळीस दिवस नेवाडात काढायचे. मध्ये राज्याबाहेर पाऊल पडलं की मोजणी मोडली. शिवाय इथल्या कुणीतरी कोर्टात शपथेवर सांगायला हवं की हिला मी इथे रोज बघितलं. ते टॉलिव्हरबाई सांगणार. बाई देवभोळ्या, खोट्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. सकाळी मला नासलेलं दूध बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ मारतात. आज नववी.

काम एका हॉटेलच्या धोबीखान्यात, टॉवेलांच्या घड्या. काल टॉवेल पोचवायला जुगाराच्या दालनात गेले, तर तिथे ना खिडकी ना घड्याळ. ओहायोची एक जाड बाई मशीनचा दांडा ओढता ओढता विचारते कशी, की आता जेवायची वेळ कुठली गं, दुपारची की रात्रीची? मलाही सांगता येईना. तिच्या टोपीवर खरा वाळवलेला पक्षी होता. काय सांगत होते? हां, बाबा. त्यांची छाती कशी आहे? दोन राज्यांच्या हद्दीवरच्या धरणाला भेट द्यायचं मनात आहे, पण अर्ध्यालाच. बाकीचं अर्धं तुमच्या ॲरिझोनात!

माझा पत्ता हार्लनला देऊ नकोस. तुझा लोभ शंभर मैल पुरेल एवढा आहे, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
वेल्डा


किंगमन,
२० फेब्रुवारी १९५५

चि. वेल्डा हिस,
अ. उ. आ.

पत्र लिहिण्यास कारण की, वडिलांची प्रकृती अत्यंत चिंताजनक आहे. ते सारखी तुझी आठवण काढतात. तू एका दिवसासाठी तरी ताबडतोब यावेस. एका दिवसाने काही बिघडत नाही. कोणाला कळणारही नाही. हार्लन झाले गेले विसरला आहे. तो रोज दुपारी धरणावर ॲरिझोनाच्या बाजूला ट्रक घेऊन थांबेल.

कळावे. लोभ असावा.

नोरीन


लास व्हेगास,
२४ फेब्रुवारी १९५५

ती. ताईस,
सा. न.

काल धरणावर गेले होते. टॉलिव्हरबाईंना आधीच सांगितलं, की बाबा आजारी आहेत, मी चालले. त्या म्हणाल्या, जा, पण मग मी शपथ घेऊ शकणार नाही. वर एक सँडविच बांधून दिलं. मला रडू आलं, त्यात काकडी होती म्हणून नव्हे.

धरणावर दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत. आमच्या बाजूला अकरा वाजलेले, तुमच्या बाजूला बारा. मध्ये राज्याची हद्द. सहलीची माणसं एक पाय इकडे, एक तिकडे टाकून फोटो काढतात. पलीकडे हार्लनचा हिरवा ट्रक उभा होता. मी पाय उचललाही होता, ताई. तेवढ्यात एका माणसाची टोपी वाऱ्याने उडाली, ती बघत बसले, आणि उगाच तुझं पत्र पुन्हा काढलं.

पत्रात तू मला नेहमीसारखं 'भटकभवानी' म्हटलेलं नाहीस. एकदाही नाही. आणि 'वडील' कोण गं? आपण बाबांना कधी वडील म्हटलंय?

मी परत फिरले. रात्रभर वाटत राहिलं की मी राक्षसीण आहे. बाबा खरंच तसे असले तर? परवा पहाटे वाळवंटात बॉम्बची चाचणी झाली, हॉटेलांतली माणसं प्याले घेऊन गच्चीवर तमाशा बघायला गेली. सगळं जग इथे बघायला येतं आणि हवं तेव्हा जातं. मीच तेवढी डबीतल्या किड्यासारखी. अजून अठरा रेघा.

तुझ्या आवाजात एक ओळ लिही. बाबा तसे असतील तर बेचाळीस दिवस गेले खड्ड्यात, मी येते.

वेल्डा


किंगमन,
२८ फेब्रुवारी

चि. वेल्डास अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. खोकतो. तीन वर्षं खोकतोय. काल दोन वाट्या घेवडा खाल्ला. मरत नाहीये.

हार्लन नोरीनच्या टेबलाशी बसून राहिला. लिहिल्याशिवाय उठेना. तिच्या नवऱ्याचा मुकादम तोच. तू इकडे आलीस की मोजणी मोडते, हे त्याला कोणीतरी शिकवलंय. नोरीनला बोलू नकोस. ती रडते.

तू हद्द ओलांडू नको. रविवारी मी धरणावर येतो. हद्द कुठे आहे ते मला माहीत आहे. तिथलं काँक्रीट ओतणाऱ्यांत मी होतो.

तुझा बाप


लास व्हेगास,
६ मार्च १९५५

ती. ताईस,
तुझ्या भटकभवानीचा सा. न. वि. वि.

बाबा शेजाऱ्याच्या गाडीतून आले. हार्लनला कुठून सुगावा लागला कोण जाणे, तोही मागोमाग हजर. पहारेकरी होता, रविवारची गर्दी होती, मला ओढून नेणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने काय केलं? ट्रकच्या पेटीतून माझे बूट काढून आणले आणि हद्दीच्या रेघेपलीकडे एका पावलावर ठेवले. तेल लावून चकाचक. म्हणाला की तुझेच आहेत, ये, घे.

एक पाऊल, ताई. माझे बदकजोडे पायात वळवळत होते. नुसतं वाकलं तरी हात पोचेल का, असा हिशेब मी करत होते. रेघेपलीकडे हात गेला तर तो मी गेले असं धरतात का, हे वकिलाला विचारायचं राहिलं होतं!

बाबा आले. सावकाश, दर चार पावलांवर थांबत. हार्लनने त्यांना सांगितलं की बुवा, मध्ये पडू नका. बाबा म्हणाले की मध्ये पडत नाही रे, पलीकडे चाललोय, माझी कुणी मोजणी करत नाही. वाकले, बूट उचलले, आणि सरळ माझ्या बाजूला आले.

हार्लन तसाच उभा. एका बाईने त्याला विचारलं की जरा आमचा फोटो काढता का, तर तो काढत बसला.

बाबांना कठड्याला टेकवून बसवलं. खूप खोकले. मग खिशातलं घड्याळ काढून काटा एक तास मागे फिरवला आणि म्हणाले की बघ, इकडे आलं की तास फुकट मिळतो, तो मी तुझ्याकडे काढणार. तो सगळा तास माझ्या बुटांच्या नाड्या ओवण्यात गेला. हार्लनने नाड्या काढून ठेवल्या होत्या.

भावजींना सांग, इथे नवी हॉटेलं उठताहेत, त्यांच्यासारखे सुतार मिळत नाहीत. मुकादमाला घाबरू नका.

टॉलिव्हरबाईंनी आज चौतिसावी रेघ मारली. माझे बूट माझ्या पायात आहेत आणि आठ दिवस मला कुठेही जाता येत नाही. आज झोपतानाही काढणार नाहीये.

लोभ पाठव, पण स्वतः घेऊन आलीस तर जास्त बरं. तुझीही कुणी मोजणी करत नाही.

तुझी,
वेल्डा