जाईची शाळा

आप्पा,

जुनहोशी लग्न केलं आणि तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. आता आईकरवी निरोप धाडलात, "नातीला त्या अर्ध्या कोरियन, अर्ध्या इंग्रजी शाळेतून काढ. नाहीतर ती आपली राहायची नाही."

नाही काढणार.

गेल्या आठवड्यात जुनहोची आई प्रथमच सोलहून आमच्या सिंगापुरातल्या, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर आली. लग्नापासून तीही तुमच्यासारखीच रुसलेली. तिला इंग्रजी येत नाही, मला कोरियन. आणि जुनहो नोकरीवर, जहाजावर. आम्ही दोघी नुसत्या चहाकडे बघत बसलो होतो. जाई शाळेतून आली, आजीला बिलगली आणि कोरियनमध्ये बोलत सुटली. मग म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी हळूच म्हणाली.

"काय गं म्हणतेय?"

"आई, आजी म्हणते, तिचं चुकलं. तुमच्या लग्नाला यायला हवं होतं."

मी तिचा हात धरला. दोघीही रडलो.

मराठी जाई माझ्याकडूनच शिकलीय, त्याची काळजी नको. हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुम्हाला ती विनवणी वाटेल. पण आप्पा, आपल्या दोघांत तर भाषेचीही अडचण नाही.

तुमचीच मुलगी,
संजीवनी