जेवणघराची मधली भिंत

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. तुम्ही दोघंही खुशाल असाल असं धरून चालते, कारण तू आपणहून काही कळवशील ही आशा मी केव्हाच सोडली आहे. वहिनी फोन घेते, तू बाजूला बसून कानावर हात ठेवून काय म्हणते, काय म्हणते असं विचारतोस. त्यापेक्षा पत्र बरं. निदान तुला पूर्ण ऐकू तरी येतं.

काम असं आहे. इथे उतरणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की हे घर किती जुनं. हे एकाला म्हणाले शंभर वर्षं, दुसऱ्याला म्हणाले अडीचशे, आणि दोघे सकाळी नाश्त्याला एकाच टेबलावर बसले! मला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. म्हणून ठरवलंय की घराच्या बांधणीचा खराखुरा इतिहास एका छोट्या पुस्तिकेत छापून खोल्याखोल्यांत ठेवायचा. आणि तो तूच लिहायचास. दहा वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्या शेतकरी नवराबायकोकडून आपण हे घर घेतलं आणि त्याचं हॉटेल केलं, तेव्हा नकाशा तूच काढलास ना? पस्तीस वर्षं बांधकाम कचेरीत नकाशे काढलेला भाऊ घरात असताना मी कुणाच्या पाया पडू? तेव्हा वहिनीच्या ऑपरेशनमुळे तुला येता आलं नव्हतं. मी माझ्या शिवणाच्या टेपने घर मापलं आणि तू पत्रांवरून नकाशा काढलास. अजूनही ती गोष्ट सांगून मी पाहुण्यांना हसवते.

बाकी बातमी म्हणजे, जेवणघराच्या वरच्या तीन खोल्यांत यांनी दगडी टब बसवायचे ठरवलेत. एकेक टब म्हणजे हत्तीचं पिल्लू. आठ जुलैला डॉक्टरांच्या संघाचं साठ पानांचं जेवण आहे, त्याआधी सगळं व्हायला हवं.

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नकोस आणि उत्तराला उशीरही.

तुझी,
मुंगी

८ जून

चि. मुंगीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. दोन दिवस जुना नकाशा जमिनीवर पसरून मी त्याच्यावर ओणवा आहे, आणि तुझी वहिनी मला ओलांडून ये-जा करते आहे. निवृत्त माणसाला याहून मोठं सुख नाही.

माझा अंदाज सांगतो. स्वयंपाकघराकडची बाजू सगळ्यात जुनी. आधी तेवढंच घर असणार. पलीकडे धान्याची कोठी नंतर जोडली. मग दोन्हीवर मिळून एकच वरचा मजला चढवला. शेतकरी असाच बांधतो, पीक चांगलं आलं की एक खोली. स्वयंपाकघर आणि कोठी यांच्यामधली भिंत आपण पाडली आणि तुझं ते लांबलचक जेवणघर झालं. तू तिची जाडी सहा इंच लिहिली होतीस, म्हणून ती नुसती आडोशाची भिंत, मागाहून घातलेली, असं मी नकाशावर लिहिलं आहे आणि खाली सही ठोकली आहे.

पण इतिहास लिहायचा तर खात्री हवी. ती भिंत जिथे दोन्ही बाजूंना बाहेरच्या भिंतींना मिळत होती, तिथला गिलावा वीतभर खरवडून बघ आणि आत काय दिसतं ते कळव. तुझ्या मालकांना सांग, त्यांच्या हत्तींना माझा नमस्कार.

लोभ आहेच, तो व्याजासकट परत पाठव.

दादा

१४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, तुझ्या पुस्तिकेला काय मसाला मिळालाय! गिलावा खरवडला तर भिंतीचा तुटका बुंधा दिसला, आणि तो सहा इंच कसला, चांगला दोन फूट रुंद आहे. कोठीच्या बाजूचे दगड पावसाने खाल्लेले, गुळगुळीत, काळपट. एका दगडात लोखंडी कडी आहे, गुरं बांधायची असावी. घरात कुणी गुरं बांधतं का? हे म्हणाले, बघा, आमच्या जेवणघरात पूर्वी बैल जेवत असत.

तेव्हा आठवलं. भिंत पाडताना मिस्त्री कुरकुरत होता की दोन दिवसांचं काम आठ दिवस चाललंय, ही भिंत नाही, किल्ला आहे. मला वाटलं रोजी वाढवायला बोलतोय. मी त्याला तुझा नकाशा दाखवला, सहीवर बोट ठेवलं, तसा तो पहार उचलून पुन्हा कामाला लागला.

वरच्या खोल्यांची दारं सारखी घट्ट होतात. सुताराकडून यंदा तिसऱ्यांदा घासून घेतली. हवेचा परिणाम, म्हणतो तो. आणि जेवणघराच्या दोन्ही टोकांना भिंतीला केसासारख्या भेगा पडतात. दर महिन्याला मी चुना भरून रंगाचा हात मारते. पाहुण्यांना भेगा दाखवून कसं चालेल? टब आले. आठ माणसं लागली एकेक वर चढवायला.

वाट बघते. आशीर्वादाचा हात असाच राहू दे.

मुंगी

१८ जून

चि. मुंगीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचलं. छान माहिती पाठवलीस. पुस्तिकेला उपयोग होईल.

एक विचारायचं राहिलं. भिंतीची जाडी मापताना तू टेप नेमकी कुठे लावली होतीस? नुसती उत्सुकता, बाकी काही नाही.

आणि एक किरकोळ काम. त्या भेगांवर काचेच्या छोट्या पट्ट्या आडव्या चिकटव, दोन्ही टोकांना चुन्याने पक्क्या कर आणि शेजारी तारीख लिही. भिंत हलत असेल तर काच तडकते, नसेल तर नाही. जुन्या घराला अशी नाडी बघायची पद्धत असते. टब जमलं तर सध्या भरू नका. फार मनावर घेऊ नकोस. म्हातारपणी मला शंका येतात, तुझी वहिनी सांगेलच.

तिला बरं आहे. पाऊस वेळेवर आला आहे, आणि आंबट चेहऱ्याने का होईना, मीही बरा आहे.

माया आहे तशीच आहे.

दादा

२४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इतकं छोटं पत्र? वहिनीशी भांडलास का?

टेप कुठे लावली ते आठवलं. त्या भिंतीत एक खोल कोनाडा होता, दिवा ठेवायला असेल. कोनाड्याच्या पाठीला एक फुटकं भोक होतं, त्यातून टेप आरपार गेली, म्हणून तिथेच माप घेतलं. बाकी भिंतीला कोठीच्या बाजूने पोत्यांची थप्पी लागलेली होती, तिकडे जायला जागाच नव्हती. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता स्वतःच्या हुशारीचा!

काचा लावल्या. एकूण पाच. आणि आजघडीला पाचही अखंड आहेत, तेव्हा निवांत झोप. एक त्याच दिवशी संध्याकाळी तडकली होती, माझाच हात लागला असेल. लगेच बदलली. परवा दोन तडकल्या, त्याही बदलल्या. काल एक. फुटकी काच जेवणघरात कशी ठेवायची? एखाद्या पोराचं बोट कापलं तर? हे म्हणतात, तुझ्या दादाच्या पट्ट्यांपायी काचवाल्याचं दुकान चालतंय.

टबांचं म्हणशील तर तू जमलं तर लिहिलं होतंस, आणि जमलं नाही रे. शनिवारी पाहुणे आले, तिन्ही खोल्या गेल्या. एक बाई तर दोन तास पाण्यातून बाहेर येईना. खाली जेवणाऱ्यांच्या ताटात छताचा थोडा भुगा पडला तेवढंच. वाळवी असेल. सोमवारी औषध मारून घेते.

जपून राहा. तुझा धाक आणि तुझा लाड, दोन्ही हवेत.

मुंगी

२७ जून

मुंगे,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे वाचताच जेवणघर रिकामं कर. वरच्या खोल्यांतल्या पाहुण्यांना बाहेर काढ, त्यांचं सामान राहू दे. आठ तारखेचं जेवण रद्द. वहिनी सकाळपासून फोन लावतेय, तुमची लाइन मेलेली आहे. हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतो आणि मिळेल त्या गाडीने मीही निघतो.

ती आडोशाची भिंत नव्हती. ती पहिल्या घराची बाहेरची भिंत. पाऊस तिनेच झेलला, गुरं तिलाच बांधली. पुढे कोठी जोडली तेव्हा ती घराच्या पोटात आली, आणि वरचा मजला चढवताना सगळ्या तुळया तिच्यावर टेकवल्या. आपण तीच काढली. दहा वर्षं त्या तुळया अधांतरी वाकत आहेत. दारं घट्ट होतात ती म्हणून. भुगा वाळवीचा नाही. आणि बाई, त्या काचा मी अखंड दिसाव्यात म्हणून लावायला सांगितल्या नव्हत्या! फुटलेली काच तशीच ठेवायची असते. चार-पाच दिवसांत चार फुटल्या, आणि मी हे आज वाचतोय.

तू कोनाड्यात मापलंस आणि मी घर न बघता रेघ ओढली. तुला शिवणकाम येतं, बांधकाम मला यायला हवं होतं. चूक माझी.

आधी ते टब रिकामे करा. तेवढं वजन तरी उतरू दे.

दादा

१९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यांना अजून कंबरेखाली काही जाणवत नाही. डॉक्टर म्हणतात, आता बहुतेक जाणवणारही नाही. शुद्धीवर आहेत, बोलतात, चिडतात. मधेच विचारतात की तो तिसरा टब रिकामा झाला होता का.

टबांच्या नळासाठी खणताना फोनची तार तुटली होती. म्हणून फोन लागला नाही, तुझ्याआधी तुझं पत्रच आलं, एकोणतीसला दुपारी, जेवणं उरकल्यावर. मी उभ्या उभ्या वाचलं. पाहुण्यांना बागेत नेलं, स्वयंपाकघर रिकामं केलं. सतरा माणसं वाचली, दादा, तुझ्या पत्राने वाचली. हे तुझी कायम टिंगल करायचे, पण त्या दिवशी जराही हसले नाहीत. पत्र माझ्या हातातून घेतलं, शेवटची ओळ वाचली आणि भरून ठेवलेल्या टबांची बुचं काढायला वर पळाले. मी थांबवलं नाही. तू लिहिलं होतंस, मग बरोबरच असणार. दोन टबांचं पाणी पन्हळीतून खाली आलेलं मी बागेतून बघितलं. मग आवाज झाला.

त्या ओळीबद्दल मी तुला दोष देत नाही. घाईत कुणीही तेच लिहिलं असतं. तपासनीस दोनदा येऊन गेला. नकाशा कुणाचा म्हणाला. मी सांगितलं, नकाशा नव्हता, मिस्त्रीला मीच तोंडी सांगून भिंत पाडली. नकाशा माझ्या ट्रंकेत आहे.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. तू दवाखान्यात तीन दिवस माझ्याजवळ बसलास आणि खिडकीबाहेर बघत राहिलास. आता मी तुझी सगळी पत्रं काढून बसले आहे. अठरा तारखेचं पत्र पुन्हा पुन्हा वाचते. दोन फूट रुंदी, पावसाने खाल्लेले दगड, कडी, हे सगळं मी चौदालाच लिहिलं होतं. तुझ्यासारख्या माणसाला त्यावरून काहीच कळलं नाही? टेप कुठे लावलीस एवढंच विचारावंसं वाटलं?

तुला खरंच सत्तावीसला कळलं ना रे? तसं लिही. एका ओळीत लिही. मी विश्वास ठेवीन, यांनाही तेच सांगेन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

उत्तर काहीही आलं तरी तू माझा दादाच.

मुंगी

२३ जुलै

चि. मुंगीस,

नाही. मला अठरालाच कळलं होतं.

तुझं पत्र वाचून संपायच्या आत कळलं होतं. लगेच लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की सगळे बाहेर पडा, टब भरू नका, कुणी वर जाऊ नका. तो कागद पाकिटात घातला, पत्ता लिहिला, चपला घातल्या. तुझ्या वहिनीने विचारलं, कुठे निघालात. आणि मला माझ्याच सहीचा तो नकाशा दिसला. पस्तीस वर्षांत माझी एक रेघ कुणी खोडली नव्हती. वाटलं, आधी खात्री करू, काचा लावून बघू, दहा वर्षं उभं आहे तर आठ दिवस राहील. कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात जमलं तर असं लिहिलं. ते शब्द मी निवडून घातले, तू घाबरू नयेस म्हणून नाही, तू मला काही विचारू नयेस म्हणून.

ट्रंकेतला नकाशा तपासनीसाला दे. मिस्त्रीचं नाव आणि तुझं नाव दिलेल्या जबाबातून काढ. मी सोमवारी तपासनीसासमोर जाऊन उभा राहतो आहे, त्याला तसं कळवलं आहे.

त्याआधी हे पत्र तुझ्या मालकांना वाचून दाखव. सगळं दाखव, मधलं काही गाळू नकोस. मी भेटायला यावं की नाही ते त्यांनी ठरवायचं. नको म्हणाले तर मी येणार नाही, आणि त्यासाठी तू त्यांच्याशी भांडू नकोस.

दादा