निळ्या कोटाचं अस्तर

सोमवार, ३ मार्च

आले. म्हणजे आणून टाकलं मला! चिरंजीवांनी बॅग वर आणली, गादी दाबून पाहिली, खिडकी उघडून पाहिली, "आई, झकास आहे गं" म्हणाले आणि चहासुद्धा न घेता पसार. आता मी इथे करायचं काय? तर विश्रांती. जन्मात कधी केली नाही ती गोष्ट या वयात शिकायची.

हॉटेल पांढरं, मोठं आणि चिडीचूप. हंगाम नाही म्हणून अर्ध्या खोल्या बंद. गालिचा इतका जाड की आपण चालतोय की नाही तेच कळत नाही. जो तो पांढऱ्या झग्यात हिंडतोय. मलाही दिलाय एक. खिसे एक वर, एक खाली. ज्याने लावले त्याला समोर बसवून उसवायला लावले पाहिजेत.

खिडकीतून समुद्र दिसतो. तोही गप्प बसत नाही, तेवढीच काय ती सोबत.

खोलीतलं टेबल डुगडुगतं. म्हणून अक्षर असं वाकडं येतंय.

कात्री बॅगेच्या तळाशी आहे, मफलरमध्ये गुंडाळून. कोणाला माहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च

चिखल फासला आज! गरम, काळा, शेवाळाच्या वासाचा. खांद्यापासून बोटांपर्यंत थापला आणि वर कापड गुंडाळून भाजीच्या गड्डीसारखं ठेवून दिलं. "हलायचं नाही हं मावशी," चिखलवाली म्हणाली. पोरगी बरी आहे, हात जड आहे पण मन लावून करते. "खांदाच ना दुखतो?"

"खांदाच."

घरीही हेच सांगितलंय, डॉक्टरांनाही हेच. इथे तरी खरं लिहावं. खांद्याला काही झालेलं नाही. हात थरथरतो. उजवा. गेल्या महिन्यात इस्त्री सुटली हातातून, चिरंजीवांनी ते पाहिलं आणि मी "खांद्यातून कळ आली" म्हणून मोकळी झाले. मग काय, खांद्याचा बोभाटा आणि ही समुद्रावरची सजा!

निघताना चिखलवालीने माझा निळा कोट हातात धरला आणि उलटसुलट करून पाहत बसली. "काय फिटिंग आहे हो! कुठून घेतला?" घेतला? अगं, मी बेतलाय तो, मी कापलाय! या हिवाळ्यातलीच गोष्ट. हात थरथरत असता तर असा कोट उतरला असता का? सांगा कोणीतरी.

दिवसभर बरं वाटलं त्या एका वाक्यावर.

बुधवार, ५ मार्च

जेवणात मीठ नाही. माणसांतही नाही. सगळे कुजबुजतात, जणू शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे.

दुपारी गरम पाण्याच्या हौदात बसवलं. बसले. उठले. पुन्हा बसले. डोक्यात दुकान.

वकीलबाईंच्या मुलीचं लग्न आहे. पोशाखाचं रेशीम आलंय, सायीच्या रंगाचं, एवढं नाजूक की नुसतं बोट फिरवलं तरी अडकतं. मोजून एका पोशाखापुरतं कापड, दुसरं मिळणार नाही. बाई म्हणाल्या होत्या, "कापणार तुम्हीच." मी म्हटलं, "मग आणखी कोण?"

आमच्या दुकानात कापणारा शिवत नाही आणि शिवणारा मोठ्या कात्रीला हात लावत नाही. माझ्या सासूबाईंचा नियम. त्यांनी मला बारा वर्षं मशिनवर बसवून ठेवलं होतं. कात्री हातात अशी दिलीच नाही, त्या गेल्यावर मी आपली उचलली. आता मी कापते आणि सून शिवते. सून शिवते चांगलं, नाही कशाला म्हणू? डावखुरी आहे. तिची हातशिलाई उलट्या अंगाला झुकते, बघणाऱ्याला कळत नाही पण मला कळते. पण तिच्या डोळ्यांत हाव आहे. माझ्या त्या मोठ्या, कापायच्या टेबलाकडे बघते ना, तेव्हा दिसतं मला. या हॉटेलची टूम तिनेच काढली, चिरंजीव नुसते मान डोलावणारे. "आई, जाऊन या. रेशीम थांबेल." थांबेल म्हणे! मी नाही असं पाहून टेबल बळकावायचं, एवढं न कळण्याइतकी मी भोळी नाही.

म्हणून कात्री आणली. बघते कशाने कापतात ते.

गुरुवार, ६ मार्च

पाऊस नाही, ऊन नाही, भूक नाही. कंटाळा मात्र तीन वेळा, वेळेवर.

शुक्रवार, ७ मार्च

शेजारच्या खोलीत एक गृहस्थ आहेत. मी त्यांना खोकला म्हणते, कारण आधी तोच ऐकू येतो. दंतवैद्य होते, आता निवृत्त. एकटेच बुद्धिबळ मांडून बसतात आणि हरल्यावर स्वतःवरच चिडतात.

आज व्हरांड्यात त्यांच्या झग्याचं बटण तुटलं. मी कशाला तोंड उघडलं देव जाणे! "आणा इकडे, माझा धंदाच आहे." खाली काउंटरवरून सुईदोऱ्याची डबी मागवली. आणि बसले ओवत.

दोरा नेढ्यात जाईना. चाटला, पिळला, पुन्हा. सुई इकडे, दोरा तिकडे. हात असा नाचत होता की मी तो मांडीवर दाबून धरला. खोकलेसाहेब बघत होते. समुद्राकडे बघावं की नाही माणसाने! शेवटी त्यांनी सुई घेतली, पटकन ओवली आणि परत माझ्या हातात दिली.

बटण लावलं. वाकडं.

मग म्हणतात कसे, "मी काम सोडलं तेव्हा माझा हात तुमच्यापेक्षा बरा होता."

"माझा खांदा दुखतो," मी म्हटलं.

"हो का," म्हणाले, आणि घोडा पुढे सरकवला.

आगाऊ माणूस!

खोलीतलं टेबल आता डुगडुगत नाही. काल काउंटरवाल्याने पायाखाली पुठ्ठा घातला, पक्कं केलंय. अक्षर तरी असंच.

शनिवार, ८ मार्च

कापलं! रेशीम कापलं तिने!!

सकाळी चिरंजीवांचा फोन. हवापाणी, जेवणखाण, आणि मग ओघात बोलून गेले, "पोशाखाचं कटिंग झालं, वकीलबाई खूश आहेत." म्हटलं, दे तिला फोन.

"कशाने कापलंस?"

"माझ्या कात्रीने, आई."

"तुझी कुठली कात्री?"

"आहे माझी. डाव्या हाताची. केव्हाची आहे."

केव्हाची आहे! माझ्याच दुकानात, माझ्या नाकाखाली! आणि मी मूर्ख, कात्री मफलरमध्ये गुंडाळून समुद्र दाखवायला घेऊन आले. डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताची कात्री चालत नाही, पातं कापडाला चावतं. इतकी वर्षं हा धंदा केला आणि हे सुचलं नाही. ती कात्री कशी धरत असेल याचा विचारच मी कधी केला नाही. मुळात ती कात्री धरते हेच डोक्यात आलं नाही.

फोन ठेवला. जेवायला गेले नाही.

रविवार, ९ मार्च

बॅग भरली. बॅग सोडली. काउंटरवाला म्हणतो, रविवारी गाडी मिळत नाही. "उद्या बघू या का, मॅडम?" इथे सगळं उद्या बघतात.

किनाऱ्यावर गेले. त्या टोकापर्यंत, मग परत, मग पुन्हा. वाळूत चपला रुतत होत्या आणि मी भांडत होते, मोठ्याने. कोणी नव्हतंच. दोन कुत्री होती, त्यांनाही पटेना, गेली.

राग आहेच. पण रागाच्या खाली भीती आहे, हे आज तिकडे, पाण्याच्या काठाशी उभं असताना कळलं. मी कापत नाही तर मी कोण? त्या दुकानात मला बसायला खुर्चीसुद्धा नाही. मी कायम उभी, टेबलाशी.

सोमवार, १० मार्च

ठरवलं, हात चालतो की नाही ते आपणच बघू. कोणाची साक्ष नको. निळ्या कोटाला आतून एक खिसा लावायचा, माझ्या हाताने, आणि तो खोकलेसाहेबांच्या नाकासमोर धरायचा. मग बोला!

खिशासाठी अस्तर उसवलं. उजवी बाजू, काखेपासून खाली.

आत माझी खडूची रेघ होती. स्वच्छ, सरळ. आणि शेजारी कापलेली कड. रेघेच्या आत, मग बाहेर, मग पुन्हा आत. कुरतडल्यासारखी. एका जागी तर काप इतका आत गेलेला की शिवणीला काही उरलंच नव्हतं.

तिथे पट्टी जोडलेली. बोटभर रुंद. त्याच कापडाची, वीण विणीला लावून, दाबून इस्त्री केलेली. बाहेरून आरशात पाहिलं, उजेडात पाहिलं, काही दिसत नाही! काखेत दडवलीय. मग दुसरी बाजू उसवली. तिथेही एक. बाहीच्या वर आणखी एक, छोटी.

सगळे टाके उलट्या अंगाला झुकलेले.

किती वेळ बसले होते कोण जाणे. कोट मांडीवर होता. याच कोटावर मी नाचत होते! हाच माझा पुरावा! चिखलवालीने ज्या फिटिंगची तारीफ केली ते फिटिंग तिचं होतं, सुनेचं. मी फक्त कापड खराब केलं होतं.

आणि एक कोट असा, तर बाकीचे? हिवाळ्यात किती गेले दुकानातून? एकही परत आला नाही. "आई, तुमच्या हाताचं कटिंग म्हणजे प्रश्नच नाही," असं गिऱ्हाइकांसमोर तीच म्हणायची, मशिनवरून मान वर न करता. आणि मला वाटायचं, लाडीगोडी लावते आहे.

खिसा लावला नाही.

मंगळवार, ११ मार्च

चिखलाला गेले नाही. चिखलवाली वर आली विचारायला. "खांदा जास्त दुखतोय का मावशी?" म्हटलं, "खांदा ठणठणीत आहे गं. हात गेलाय." तिने हात हातात घेतला आणि नुसता धरून बसली. बिनचिखलाचा. मी रडले. लाज वाटली नाही, हेच नवल.

बुधवार, १२ मार्च

फोन केला. तिलाच. चिरंजीवांना मध्ये घेतलं नाही.

"कोट उसवला मी," म्हटलं.

पलीकडे मशिन चालू होतं, ते थांबलं.

"बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? तुम्ही खांदा म्हणत होतात. मग मीही खांदाच म्हटलं."

"आणि हॉटेल?"

"रेशमात पट्टी लपत नाही, आई. एकदा चुकलं की चुकलं. आणि तुमच्यासमोर तुमच्या टेबलावर मला कात्री उचलता आली नसती. हात उचललाच नसता माझा." मग घाईघाईने, "आधी जुन्या चादरीवर कापून पाहिलं. दोनदा."

मला माझे बारा वर्षांचे मशिनवरचे दिवस आठवले. हिने समोर येऊन टेबल मागितलं असतं, तर मी दिलं नसतंच. तिने तर मागितलंही नव्हतं, तरी मी कात्री घेऊन पळाले.

"पोशाखाची छाती कशी बसवलीस?" विचारलं. तिने सांगितलं. बरोबर होतं. एका ठिकाणी मी वेगळं केलं असतं, तेही सांगितलं. "थांबा, खडू घेते," म्हणाली.

अर्धा तास बोललो. आजवर एवढं बोललो नसू, भांडणं धरूनसुद्धा. उद्या न्यायला तीच येणार आहे.

हे पान लिहायला फार वेळ लागला. अक्षर मुंग्यांएवढं झालंय, माझं मलाच लागत नाही.

गुरुवार, १३ मार्च

अक्षर बदललंय. बोलतेय मीच, लिहितेय सून, डाव्या हाताने. माझा हात आज पेन धरत नाही. मागची पानं वाचायची नाहीत अशी सक्त ताकीद दिली आहे. "नाही वाचत," म्हणाली, आणि मघापासून नाक ओढतेय. बुधवारचं पान वाचलं असणार, पाच तारखेचं. वाचू दे.

"हेही लिहू का, आई?"

लिही. आणि लिहून झालं की माझ्या कोटाचं अस्तर शिवून दे, थंडी वाजतेय.